बागेतलं माशांचं तळं कमी खर्चात निरोगी कसं ठेवावं

बागेतल्या तळ्यावर पैसा जातो तो बहुतेक वेळा चुकीच्या क्रमाने. आधी मासे आणले जातात. मग पाणी हिरवं होतं, ते स्वच्छ करणाऱ्या बाटल्या येतात, मासे मरतात आणि पुन्हा नवे मासे येतात. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी पाणी, मग फिल्टर आणि सगळ्यात शेवटी मासे, तर एकदाच्या खर्चानंतर तळ्याला वीज, खाद्य आणि थोडा खायचा सोडा यापलीकडे फारसं काही लागत नाही.

आधी तळं मोजा

औषध, मीठ, सोडा, माशांची संख्या, पंपाचा आकार हे सगळं लिटरवर ठरतं. म्हणून आपल्या तळ्यात किती लिटर पाणी आहे हा आकडा पाठ पाहिजे. चौकोनी तळ्यासाठी लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि 1000 ने गुणा. 2 मीटर × 1.5 मीटर × 0.6 मीटर म्हणजे 1800 लिटर. पुढची सगळी उदाहरणं याच तळ्याची आहेत. गोल तळ्यासाठी त्रिज्या × त्रिज्या × 3.14 × खोली × 1000.

कडा उतरत्या असतील किंवा आकार वेडावाकडा असेल तर हे गणित चुकतं आणि आकडा हमखास जास्त येतो. अशा वेळी तळं पहिल्यांदा भरतानाच मोजावं. नळाखाली 20 लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते पाहा, मग तळं भरायला लागलेल्या एकूण वेळावरून लिटर काढा. हा आकडा तळ्याजवळ कुठेतरी कायमचा लिहून ठेवा.

खोली निदान 60 सेंटिमीटर असावी. त्याहून उथळ पाणी दिवसा भराभर तापतं, रात्री तसंच निवतं, आणि बगळ्याला त्यात आरामात उभं राहता येतं. काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा 5 ते 8 सेंटिमीटर उंच ठेवा, नाहीतर जोराच्या पावसात बागेतली माती, खत आणि कीटकनाशक वाहत तळ्यात येतं. माशांना कीटकनाशकाचा फार थोडा अंशही पुरतो.

किती मासे

साध्या लांबट गोल्डफिशला, म्हणजे कॉमेट किंवा शुबंकिनसारख्या जातींना, प्रत्येकी निदान 100 लिटर पाणी धरा. 1800 लिटरच्या तळ्यात पूर्ण वाढलेले 15 मासे ही वरची मर्यादा, आणि सुरुवात तीन-चार माशांनीच करायची. बोटाएवढे दिसणारे हे मासे 25 सेंटिमीटरपर्यंत वाढतात, शिवाय तळ्यात त्यांची पिल्लंही होतात. दोन शेपट्यांचे, गोल पोटाचे शोभिवंत प्रकार या चपळ माशांबरोबर ठेवू नका. ते सावकाश पोहतात आणि खाद्यापर्यंत पोचेपर्यंत काही उरलेलं नसतं.

कोई मासा 60 सेंटिमीटर आणि त्याहून मोठा होतो. त्याला प्रत्येकी सुमारे 1000 लिटर, निदान 1.2 मीटर खोली आणि एकूण 5000 लिटरच्या आसपासचं तळं लागतं. 1800 लिटरमध्ये कोई नको. लहान असताना तो सुखी दिसतो, पण वर्ष-दोन वर्षांत त्याच्या घाणीपुढे कुठलाच फिल्टर पुरत नाही. खर्च आटोक्यात ठेवायचा तर मासे निवडतानाच हात आखडता घ्यावा.

नको झालेले मासे नदीत किंवा ओढ्यात कधीही सोडू नका. गोल्डफिश तिथे टिकतात, वाढतात आणि मूळच्या माशांची जागा आणि अन्न बळकावतात.

खाद्याचा हिशेब

तळ्यात जेवढं खाद्य जातं त्याच्या प्रमाणात घाण तयार होते. माशाचं खाद्य मुख्यतः प्रथिनांचं असतं. त्या प्रथिनांतला बराचसा नायट्रोजन मासा कल्ल्यांवाटे अमोनिया म्हणून पाण्यात सोडतो. 100 ग्रॅम खाद्यामागे सुमारे 3 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन धरायची पद्धत आहे. म्हणजे आपल्या तळ्यात रोज 10 ग्रॅम खाद्य टाकलं तर 0.3 ग्रॅम अमोनिया तयार होतो आणि 1800 लिटरमध्ये तो दररोज लिटरमागे 0.17 मिलिग्रॅमने वाढतो. फिल्टर नसेल तर चार दिवसांत मासे अडचणीत येतात.

अमोनिया किती विषारी ठरेल हे सामूवर, म्हणजे पीएचवर, आणि तापमानावर अवलंबून असतं. 25 अंश सेल्सिअसला सामू 7 असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. सामू 8 ला तोच भाग 5 टक्क्यांवर आणि 9 ला 36 टक्क्यांच्या आसपास जातो. त्यामुळे पाणी तपासायच्या किटवर तोच आकडा दाखवणाऱ्या दोन तळ्यांपैकी एकात मासे मजेत असतात आणि दुसऱ्यात तळमळत असतात. अमोनिया मोजताना सामूही मोजायचा तो यासाठी.

मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढंच खाद्य द्या. दिवसातून एकदा पुरे, उन्हाळ्याच्या वाढीच्या दिवसांत दोनदा. मोठ्या माशांना दिवसाला एकूण वजनाच्या एक टक्का खाद्य भरपूर होतं. पाणी 15 अंशांखाली गेलं की खाद्य कमी करा आणि 10 अंशांखाली बंदच करा, कारण तेव्हा त्यांचं पचन जवळजवळ थांबलेलं असतं. तुम्हाला पाहून मासे काठाशी येतात, तोंड उघडतात, म्हणून ते उपाशी आहेत असं समजू नका. पोट भरलेलं असतानाही ते तसंच करतात. खाद्याचं मोठं पोतं स्वस्त पडतं खरं, पण उघडल्यावर त्यातली जीवनसत्त्वं, विशेषतः सी, झपाट्याने कमी होतात. तीन महिन्यांत संपेल एवढंच घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या सावलीत ठेवा. खाद्याला बुरशीचा वास आला तर ते फेकून द्या.

हाताने बनवलेला फिल्टर

फिल्टरचं काम दुहेरी आहे: घन घाण अडवणं आणि जिवाणूंना जागा देणं. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बरंच निरुपद्रवी असतं, ते वनस्पती घेतात किंवा पाणी बदलताना निघून जातं. या जिवाणूंना बसायला पृष्ठभाग आणि सतत वाहणारं, प्राणवायू असलेलं पाणी लागतं. पृष्ठभाग कसला आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. बाजारातले महागडे सिरॅमिकचे तुकडे आणि धुतलेली जाड खडी यांत लहान तळ्यापुरता तरी म्हणण्यासारखा फरक पडत नाही. घरगुती फिल्टर कमी पडतो तो जिवाणूंच्या जागेमुळे नाही, घाणीने तुंबल्यामुळे. म्हणून रचनेत सगळा भर सफाई सोपी करण्यावर द्यावा.

आपल्या तळ्यासाठी 80 ते 100 लिटरचं झाकणाचं प्लॅस्टिक पिंप पुरतं. त्यात पूर्वी तेल, रंग, कीटकनाशक असलं काही ठेवलेलं नसावं.

1. पिंपाच्या तळाशी 40 मिलिमीटरचा टँक कनेक्टर आणि बॉल व्हॉल्व्ह बसवा. साचलेला गाळ इथून सोडायचा.
2. पंपाकडून येणारा 25 मिलिमीटरचा पाइप वरून आत घेऊन तळापासून 10 सेंटिमीटरवर आणा आणि शेवटी एल्बो लावून तोंड भिंतीच्या बाजूला तिरकं वळवा. पाणी गोल फिरतं आणि जड घाण खाली बसते.
3. तळापासून 20 ते 25 सेंटिमीटर उंचीवर प्लॅस्टिकची जाळी ठेवा. तिला पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांचे पाय करा. सिमेंटचे ठोकळे वापरू नका, त्यातून चुना सुटतो.
4. जाळीवर जाड छिद्रांच्या स्पंजचे दोन थर घाला. ते पिंपाच्या घेरापेक्षा किंचित मोठे कापा, म्हणजे कडेने पाणी निसटणार नाही.
5. त्यावर जाळीच्या पिशव्यांत भरलेलं साहित्य: प्लॅस्टिकच्या घासण्या, नालीदार पाइपचे तुकडे, बाटल्यांची झाकणं, नाहीतर धुतलेली खडी. पिशव्या असल्या की सगळं उचलून खालचा स्पंज काढता येतो. नुसती खडी ओतली तर ते काम होत नाही.
6. वरच्या काठाखाली 10 सेंटिमीटरवर बाहेर जाणारा पाइप लावा, निदान 50 मिलिमीटरचा. पाणी आत येतं ते पंपाच्या जोराने आणि बाहेर जातं ते केवळ उताराने, त्यामुळे बाहेरचा पाइप जाडच हवा.
7. त्याच्या थोडं वर दुसरं एक भोक करून तोही पाइप तळ्यातच सोडा.

हे सातव्या पायरीतलं भोक अनेकजण गाळतात. पहिल्या पाइपात पान अडकलं की पाणी पिंपाच्या काठावरून बागेत वाहू लागतं आणि पंप इमानेइतबारे रात्रभर तळं उपसत राहतो. याच भीतीपोटी पंप अगदी तळाला न ठेवता एका विटेच्या उंचीवर ठेवावा. मग काहीही बिघडलं तरी माशांपुरतं पाणी शिल्लक राहतं. पंपाला बारीक भोकांच्या टोपलीत ठेवलं की पानं आणि लहान मासे आत खेचले जात नाहीत.

स्पंज धुवायचा तो तळ्याच्याच पाण्यात. बादलीत तळ्याचं पाणी घ्या, स्पंज त्यात चार-पाच वेळा पिळा आणि ते काळं पाणी झाडांना घाला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते फिल्टरमधले जिवाणू मारतं आणि तळं पुन्हा पहिल्या दिवसावर जातं. स्पंज आणि वरच्या पिशव्या एकाच दिवशी धुवू नका. साबण तर कधीच नाही.

पंप आणि वीज

गोल्डफिशच्या तळ्यातलं सगळं पाणी दोन तासांत एकदा फिल्टरमधून जावं, कोईच्या तळ्यात तासाला एकदा. आपल्या उदाहरणात तासाला 900 लिटर. पण खोक्यावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी जितकं वर चढवाल तितका प्रवाह घटतो, बारीक पाइप आणि प्रत्येक वळण तो आणखी कमी करतं. खोक्यावरच्या तक्त्यात तुमच्या उंचीला मिळणारा प्रवाह पाहून पंप घ्या.

प्रत्यक्ष प्रवाह मोजायला फिल्टरच्या तोंडाखाली 20 लिटरची बादली धरा आणि 72000 ला लागलेल्या सेकंदांनी भागा. 80 सेकंद लागले तर तासाला 900 लिटर. महिन्यातून एकदा हे केलं की स्पंज कधी धुवायचा ते कॅलेंडर बघून ठरवावं लागत नाही: सेकंद वाढले की धुवायचा.

विजेचा हिशेब आधी करा. 25 वॅटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला 18 युनिट, 60 वॅटचा 43. स्वस्त पण जास्त वॅटचा पंप एक-दोन वर्षांत महाग पडू शकतो. वीज वाचवायला रात्री पंप बंद करू नका. पाणी थांबलं की फिल्टरमधला प्राणवायू काही तासांत संपतो, जिवाणू मरू लागतात आणि सकाळी पंप लावल्यावर ते कुजलेलं पाणी थेट माशांवर येतं. बराच वेळ वीज गेली असेल तर आधी तळाच्या व्हॉल्व्हमधून पिंप रिकामं करा, मगच पंप सुरू करा.

एक खर्च मात्र टाळू नका: जोडणीला 30 मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच. आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी पंपाचं बटण बंद.

पाणी भरणं

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ले जाळतं. उघड्या टाकीत पाणी हलतं ठेवलं तर ते 24 ते 48 तासांत उडून जातं. पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन घालतात, ते नुसतं ठेवून जात नाही. तुमच्याकडे काय घालतात ते पाणीपुरवठा विभागाकडून विचारून घ्या. दोन्हींवर स्वस्त उपाय म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे. लिटरमागे 1 मिलिग्रॅम क्लोरीनसाठी 1000 लिटरला सुमारे 7 ग्रॅम लागतात. सुरक्षिततेसाठी 15 ग्रॅम धरा आणि बादलीत विरघळवून, नवं पाणी सोडण्याआधी घाला. क्लोरामाइन तुटताना थोडा अमोनिया सुटतो, तो चालू फिल्टर पचवतो. म्हणून तिथे एका वेळी थोडंच पाणी बदलावं.

तळं नव्या सिमेंटचं असेल तर थांबा. ताज्या सिमेंटमधून चुना सुटून सामू 10 च्या वर जातो. तळं भरा, आठवडाभर ठेवा, रिकामं करा. असं तीन-चार वेळा केल्यावर शेवटच्या भरलेल्या पाण्याचा सामू आठवडाभर 8.5 च्या आत राहिला, की पुढे जा.

दर आठवड्याला 10 टक्के पाणी बदला, म्हणजे इथे 180 लिटर. उन्हाने आटलेलं पाणी भरणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. आटताना फक्त पाणी जातं, क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात. काढलेलं पाणी बागेला उत्तम खत आहे.

पहिले सहा आठवडे

नव्या फिल्टरमध्ये जिवाणू नसतात. पाणी 20 ते 28 अंशांत असेल तर त्यांची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत बरेच जास्त. नव्या तळ्यातले मासे मरतात ते बहुधा याच काळात, आणि पाणी मात्र आरशासारखं स्वच्छ असतं. अमोनिया आणि नायट्राइट डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून थेंबांचं टेस्ट किट घ्या, त्यात अमोनिया, नायट्राइट, सामू आणि केएच (सामू स्थिर ठेवणाऱ्या कार्बोनेटांचं पाण्यातलं प्रमाण) या चार चाचण्या हव्यात.

तीन-चार लहान मासे सोडा, एक दिवसाआड चिमूटभर खाद्य द्या आणि एक दिवसाआड तपासा. आधी अमोनिया चढतो, तो उतरू लागला की नायट्राइट चढतं, शेवटी दोन्ही शून्यावर येतात. दोन्हींपैकी काहीही लिटरमागे 0.5 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर खाद्य बंद करा आणि 25 टक्के पाणी बदला. नायट्राइट चढलेलं असेल तर 1000 लिटरला 300 ग्रॅम साधं खडे मीठ विरघळवून घाला. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरून ते तपकिरी करतं आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. मिठातलं क्लोराइड त्याचा शिरकाव अडवतं. मीठ उडून जात नाही, त्यामुळे पुढच्या वेळी फक्त बदललेल्या पाण्यापुरतंच घालायचं.

दोन्ही आकडे सलग दोन आठवडे शून्य राहिले की आणखी दोन-तीन मासे आणा. एकदम दहा आणलेत तर जिवाणूंची संख्या कमी पडते आणि अमोनिया पुन्हा चढतो. बाटलीतल्या जिवाणूंवर पैसे घालवण्यापेक्षा एखाद्या निरोगी, जुन्या तळ्यातला वापरलेला स्पंज मिळाला तर तो आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. मात्र त्या तळ्यात आजार नाही याची पक्की खात्री हवी.

केएच: सगळ्यात दुर्लक्षित आकडा

अमोनिया पचवताना जिवाणू पाण्यातली कार्बोनेटं खर्च करतात. 1 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे 7 ग्रॅम, कॅल्शिअम कार्बोनेटच्या मापात. रोज 10 ग्रॅम खाद्य पडणाऱ्या आपल्या तळ्यात महिन्याला जवळपास 64 ग्रॅम, म्हणजे केएच लिटरमागे 36 मिलिग्रॅमने घटतो. सुरुवातीला तो 100 असेल आणि पाणी बदललंच नाही, तर तीन महिन्यांच्या आत तो संपतो. त्यानंतर सामू सांभाळायला पाण्यात काही उरत नाही, एखाद्या रात्री तो कोसळतो आणि वर्षभर ठीक चाललेलं तळं सकाळी मेलेल्या माशांनी भरतं. सोबत फिल्टरचे जिवाणूही काम थांबवतात. मोठ्या पावसानंतर हे अधिक घडतं, कारण पावसाच्या पाण्यात कार्बोनेटं जवळजवळ नसतातच.

केएच लिटरमागे 80 ते 150 मिलिग्रॅम ठेवा, दर दोन आठवड्यांनी आणि प्रत्येक मुसळधार पावसानंतर तपासा. 1000 लिटरला 30 ग्रॅम खायचा सोडा घातला की केएच सुमारे 18 मिलिग्रॅमने, म्हणजे किटवर एका अंशाने, वाढतो. बादलीत विरघळवून फिल्टरच्या धारेत हळूहळू ओता, एका दिवसात दोन अंशांपेक्षा जास्त वाढवू नका. आधी अमोनिया शून्य आहे ना हे पाहा, कारण सोड्याने सामू चढतो आणि असलेला अमोनिया जास्त विषारी होतो. धुण्याचा सोडा वापरू नका, तो सामू एकदम उडवतो. पाणी नितळ करायला तुरटी टाकण्याची सवय असेल तर ती इथे विसरा. तुरटी नेमका केएचच खाते.

हिरवं पाणी आणि शेवाळ

नवं तळं पहिल्या काही आठवड्यांत हिरवं होणारच. ऊन आहे, नायट्रेट आहे आणि ते खायला दुसरी वनस्पती अजून वाढलेली नाही. या हिरव्या पाण्यामुळे मासे सहसा आजारी पडत नाहीत. घाबरून सगळं पाणी बदललं तर नव्या पाण्याबरोबर नवी पोषणद्रव्यं येतात आणि आठवड्याभरात तळं पुन्हा हिरवं. शेवाळ मारणाऱ्या औषधांनी ते एकदम मरून कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू संपवतं. त्यातली तांब्याची औषधं तर कमी केएचच्या पाण्यात माशांनाही मारतात.

टिकाऊ उपाय सावली आणि वनस्पती हाच आहे. पाण्याचा निम्मा ते साठ टक्के पृष्ठभाग पानांनी झाका: कुमुदिनी, पिस्टिया, पाण्याखाली हॉर्नवर्ट किंवा हायड्रिला. तोवर शेडनेटही चालतं. दोन तृतीयांशापेक्षा जास्त झाकू नका, हवेशी पाण्याचा संबंध तुटतो आणि दाट गुंत्यात मासे न पोचल्यामुळे डासांच्या अळ्या वाढतात. फिल्टरमधून पडणारं पाणी खडी भरलेल्या उथळ चरातून नेऊन त्यात कर्दळ लावली तर नायट्रेट भराभर उतरतं. चराचं क्षेत्र तळ्याच्या दहा-वीस टक्के असलं तरी फरक दिसतो. जलपर्णीही हे काम झपाट्याने करते, पण ती ओढ्या-नद्यांत पसरली की आवरत नाही. अनेक देशांत तिच्यावर बंदी आहे. कुठलीही जास्तीची पाणवनस्पती उन्हात वाळवून कंपोस्टमध्येच जायला हवी.

दोऱ्यासारखं लांब शेवाळ काठीवर गुंडाळून काढा, प्रत्येक गोळ्याबरोबर पाण्यातली पोषणद्रव्यंही बाहेर जातात. अतिनील दिवा फक्त पाणी हिरवं करणारं तरंगतं शेवाळ साफ करतो, दोरी-शेवाळावर त्याचा परिणाम नाही, आणि त्याची नळी पेटत असली तरी वर्षभरात जोर गमावते. तो यादीत सगळ्यात शेवटी ठेवा.

प्राणवायू आणि गाळ

20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना साडेसातच. म्हणजे उन्हाळ्यात माशांची गरज वाढते तेव्हाच साठा घटतो. वनस्पती आणि शेवाळ दिवसा प्राणवायू देतात, रात्री मात्र तोच वापरतात, त्यामुळे पहाटे तो सर्वात कमी असतो. मासे पहाटे वर येऊन हवा गिळत असतील आणि दुपारी ठीक असतील, तर कारण जवळजवळ नक्की हेच. फिल्टरचं पाणी 15-20 सेंटिमीटर उंचीवरून पडू द्या आणि उन्हाळ्यात रात्रभर चार-पाच वॅटचा हवेचा पंप लावा.

तळाशी साचलेली पानं आणि विष्ठा कुजून प्राणवायू खातात. खालच्या थरात तो संपला की सडक्या अंड्याच्या वासाचा, माशांना घातक वायू तयार होतो. पानगळीच्या दिवसांत तळ्यावर जाळी ताणा, ती मांजर आणि खंड्यापासूनही राखण करते. गाळ बारीक जाळीने हलकेच काढा, एका वेळी तळाचा एक तृतीयांश भागच. सगळा गाळ एकदम ढवळला तर तो वायू पाण्यात मिसळतो.

नवे मासे आणि आजार

आजार तळ्यात येतो तो बहुधा नव्या माशाबरोबर. प्रत्येक नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवा: 100 लिटर पाणी, चालू फिल्टरमधला स्पंजचा तुकडा, हवेचा पंप, वर जाळी. पांढरे ठिपके दिसले तर या टबात लिटरमागे 3 ग्रॅम मीठ घाला, तीन वेळा विभागून, दोन दिवसांत मिळून. तळ्यात एवढं मीठ घालू नका, वनस्पती मरतील.

कुठल्याही त्रासात औषधाआधी पाणी तपासा. सगळे मासे एकाच दिवशी बिघडले तर दोष पाण्याचा. एखादाच मासा कोपऱ्यात, पर मिटून बसला असेल तर आजार. मासे अंग दगडावर घासत असतील तर परजीवी, पण आधी अमोनिया आणि क्लोरीन पाहा, कारण त्यांनीही अंगाची तशीच आग होते. पाण्यामुळे आलेला त्रास असेल तर खाद्य बंद, हवा वाढवणं आणि क्लोरीन काढलेल्या पाण्याने 25 ते 30 टक्के बदल. एवढ्याने बहुतेकदा एका दिवसात फरक पडतो. कारण न कळता तीन औषधं एकापाठोपाठ घातली, तर मासा औषधांनीच जातो.

बाहेरगावी जाताना

मोठे निरोगी मासे एक-दोन आठवडे खाद्याशिवाय व्यवस्थित राहतात, तळ्यातलं शेवाळ आणि किडे खातात. जाण्यापूर्वी भरपेट खाऊ घालू नका, उलट आदल्या दोन दिवसांत खाद्य कमी करा. स्पंज निघायच्या तीन-चार दिवस आधी धुवा, म्हणजे काही बिघडलं तर तुम्ही तिथे असाल. पाणी काठोकाठ भरून ठेवा. शेजाऱ्यांना लक्ष ठेवायला सांगाल तेव्हा पंप चालू आहे का आणि पाण्याची पातळी कुठे आहे एवढंच पाहायला सांगा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त जाणार असाल तर आठवड्याला दोन, अशा खाद्याच्या मोजून बांधलेल्या लहान पुड्या त्यांच्याकडे द्या, आणि खाद्याचा डबा कपाटात बंद करून जा.